मुलांचे गाव कोणते?

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून बोलणाऱ्याने मंडळाच्या कार्याचा गौरव करावा, अशी रीत आहे. तो गौरव आधीच्या वक्त्यांनी यथायोग्य केला आहे. संयोजकांनी आमच्याकडे विषय सोपविला तो निराळा : घरापासून दूर राहून आपण मुले कशी वाढविली. येथे 'आम्ही' हा शब्द मोठेपणासाठी योजिलेला नाही. कारखान्याची क्षमता पंचवीस लाख टनांवरून चाळीस लाख टनांवर नेण्याचे काम चालू असताना जी मराठी कुटुंबे येथे आली आणि ज्यांची मुले सेक्टरांतील क्वार्टरांत रांगली, त्या सर्वांच्या वतीने हे बोलणे आहे. त्यात अभिमान थोडा आहे. कबुलीच अधिक आहे.

प्रथम हे 'दूर' म्हणजे काय, ते पाहू. भिलाईच्या पोलाद कारखान्याचा भारत-सोव्हिएत करार 2 फेब्रुवारी 1955 रोजी झाला, तेव्हा दुर्ग जिल्हा ज्या राज्यात होता त्याची राजधानी नागपूर होती. पुढच्याच वर्षी, 1 नोव्हेंबर 1956 रोजी, राज्यांची पुनर्रचना झाली. नागपूर एका राज्यात गेले आणि दुर्ग दुसऱ्या. 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, तेव्हा आपण मध्य प्रदेशात होतो. 1 नोव्हेंबर 2000 पासून आपण छत्तीसगडचे रहिवासी झालो. क्वार्टर तेच, अंगणातला पेरू तोच, पत्त्यातील राज्य मात्र बदलले. त्याही मागे गेलो तर नागपूरकर भोसल्यांचे बिंबाजी 1758 पासून रतनपुरास राहून हा मुलूख सांभाळीत होते. तेव्हा नकाशावर आपण फार दूर नव्हतोच. नागपूर येथून सुमारे अडीचशे किलोमीटरांवर. रात्री गाडीत बसले की सकाळी नातेवाइकांच्या दारात.

तरीही दूरपणा होता, आणि तो किलोमीटरांत मोजण्यासारखा नव्हता. आजी हाकेच्या अंतरावर नव्हती. मुलाला रात्री ताप चढला तर कपाळावर कोणाचा हात ठेवावा, हे ठरविण्यास घरात वडीलधारे माणूस नव्हते. पती तिसऱ्या पाळीला, शेजारी एकीकडे बंगाली, दुसरीकडे मल्याळी, समोर पंजाबी. सर्वांचा जीव चांगला. परंतु मुले खेळावयास बाहेर पडली की अंगणाची भाषा हिंदी. शाळेची भाषा हिंदी किंवा इंग्रजी. मराठीच्या वाट्याला उरले ते स्वयंपाकघर आणि देवघर.

म्हणून आम्ही नियम केला : उंबऱ्याच्या आत मराठीच बोलावयाची. हा नियम बहुतेक घरांत होता. कोठे हिंदी शब्दामागे पाच पैसे दंड, कोठे शनिवारचे गोड बंद. नियमाचे फळ कसे मिळाले, याची एक गोष्ट सांगतो. आमच्यापैकी एका घरच्या मुलीने आजीला आंतर्देशीय पत्र लिहिले, "येथे मला फार चांगली शिक्षा मिळते. बाबाही माझ्यासाठी खूप चेष्टा करतात." पत्र सातारा जिल्ह्यातील खेड्यात पोहोचले. पोरीला शिक्षा होते, आणि बाप वर तिची चेष्टा करतो, हे वाचून आजी दोन दिवस जेवली नाही. मुलीने शिक्षण आणि प्रयत्न या अर्थांनी ते शब्द लिहिले होते, हे कळविणारे पत्र जाईपर्यंत आठवडा गेला. आम्ही तेव्हा पोट धरून हसलो. आज त्या हसण्याचा विचार करतो, तेव्हा त्या मुलीने एवढी जागा भरून मराठी लिहिली, याचे कौतुक कोणी केले होते काय, हे आठवून पाहतो. आठवत नाही.

दोन्ही भाषांची लिपी एक असणे, ही सोय वाटते. मुलाला मात्र तो चकवा असतो. तो 'कमळ' पाहतो आणि 'कमल' वाचतो. 'चहा'तला च आणि 'चिमणी'तला च निराळे उच्चारावयाचे, हे त्याला अक्षराकडे पाहून कळत नाही. तेच 'संसार' हे अक्षर शाळेच्या पुस्तकात सारे जग होते आणि आईच्या बोलण्यात चार भांडी, दोन खोल्या आणि माणसे होते. आम्ही याला मुलांचा निष्काळजीपणा समजलो. वस्तुतः ती दोन घरांचे काम एकाच वेळी करीत होती.

याहून गंभीर एक प्रसंग आहे. तो सांगावा की नाही, याचा आम्ही पुष्कळ विचार केला. ज्यांच्या घरचा आहे, त्यांनीच सांगावयास सांगितले. उन्हाळ्याच्या सुटीत एक कुटुंब मुंजीसाठी पुण्यास गेले. अकरा वर्षांचा मुलगा पंगतीत वाढीत होता. त्याने पाहुण्यांना विचारले, "आणखी भात घेऊन राहिले का?" नागपूरकडची काही मंडळी आमच्या शेजारी असल्याने ती धाटणी त्याच्या तोंडी बसलेली. पंगत हसली. कोणी तरी त्याला 'आमचा भय्या' म्हटले, आणि चार दिवस तेच नाव चालले. आई-वडीलही हसले, पाहुण्यांत वाईट दिसू नये म्हणून हसले. परतीच्या गाडीत मुलगा खिडकीशी बसून होता. आईने मराठीत विचारले, त्याने हिंदीत उत्तर दिले. त्या दिवसापासून तो घरात मराठी बोलला नाही. दंड झाला, रागावणे झाले, समजावणे झाले. तो हिंदीतच उत्तर देई. समजत सर्व असे. आम्ही त्याला हट्ट म्हटले. लाजेने मिटलेले तोंड आणि हट्टाने मिटलेले तोंड बाहेरून सारखेच दिसते, हे आम्हांला फार उशिरा कळले.

अशा वेळी मंडळाचा रविवारचा बालवर्ग आठवतो. नागपूरहून बालभारतीची पुस्तके आणावयाची, 1971 पासून निघणाऱ्या 'किशोर'चे अंक वाटून वाचावयाचे, असा तो वर्ग. त्यातही कोणती मराठी शिकवावयाची, यावर वऱ्हाडकर, कोकणकर आणि पुणेकर यांचा वाद रंगे. 'काऊन' म्हणावे की 'का', यावर एक अख्खी सभा गेली. मुले मात्र वर्गात जेवढी शिकली, त्याहून अधिक गणेशोत्सवातील नाटकाच्या तालमींत शिकली. तेथे भाषेला काम होते. वाक्य चुकले तर सोबती सुधारीत, आणि लगेच पुढचे वाक्य घ्यावे लागे. हसण्यास सवड नसे. जे मूल वर्गात मान खाली घाली, ते तेथे आरडाओरडा करी. भाषा शिकविण्याचा यशस्वी उपाय आमच्या हाती होता. आम्ही त्याला करमणूक समजून वर्षातून एकदाच वापरला.

आता दुसरी कबुली. आम्ही स्वतःला येथे परके म्हणवीत राहिलो. परंतु ज्यांच्या भूमीवर आलो, त्यांच्याकडे पुरेसे पाहिले नाही. कारखान्यासाठी आणि वसाहतीसाठी अनेक खेड्यांची जमीन घेण्यात आली. आम्ही गाव सोडून आलो, ते नोकरीसाठी, आपखुशीने. येथली काही माणसे मात्र कोठेही न जाता गावाला मुकली. त्यांच्यातीलच मावश्या आमच्या घरी कामास येत. आमची मुले त्यांच्या कडेवर वाढली, छत्तीसगढी अंगाई ऐकत निजली. मूल पहिला शब्द छत्तीसगढीत बोलले, तर आम्ही कपाळाला आठ्या घालीत होतो.

भाद्रपद शुद्ध तृतीयेला आपल्या बायका हरतालिका पूजीत. त्याच सुमारास मावशी रजा मागे, कारण येथे तीजाला सासुरवाशीण माहेरी जाते. ऐन सणात कामाचा खोळंबा होतो, म्हणून आम्ही कुरकुरत होतो. माहेर दूर म्हणून ज्या डोळे पुसत, त्यांनीच दुसरीचे माहेर मोजून-मापून दिले. एका वर्षी एका मावशीने विचारले, "बाई, तुम्ही नाही का जात?" त्या प्रश्नापुढे आमच्या घरच्या मंडळी निरुत्तर झाल्या. पुढच्या वर्षीपासून त्या घरी तिची ओटी भरून, साडी देऊन तिला पाठविण्याचा प्रघात पडला.

मुले याबाबतीत आमच्याहून शहाणी होती. पोळ्याला त्यांनी येथल्या बाजारातून मातीचे नंदीबैल आणले, चाके लावली, आणि विदर्भातील मुलांनी दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरविला. त्यांत मराठी कोण, छत्तीसगढी कोण, हे बैलांवरून ओळखता येत नव्हते.

या प्रदेशात आपल्याआधी आलेल्या मराठी माणसांनीही हा मार्ग चोखाळला होता. माधवराव सप्रे यांनी 1900 साली पेंड्राहून 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक काढले, आणि पुढे 'दासबोध' व 'गीतारहस्य' हिंदीत नेले. आपल्या शेजारच्या राजनांदगावच्या महाविद्यालयात 1958 पासून गजानन माधव मुक्तिबोध शिकवीत होते. ते हिंदीतील थोर कवी. त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीतील कवी व समीक्षक, 1979 च्या साहित्य अकादमी पुरस्काराचे मानकरी. एकाच घरातील दोन भावांनी दोन भाषा जवळ केल्या. त्यांतील कोणाला घर सोडून गेलेला म्हणावे?

आज आमची मुले आणखी दूर गेली आहेत. पंगतीत ज्याचे हसू झाले, तो मुलगा गेली काही वर्षे केनियात, नैरोबीस असतो. त्याची मुलगी तेथेच शाळेत जाते. शाळेत इंग्रजी, रस्त्यावर स्वाहिली. त्या भाषेत दुकानाला 'दुका', गाडीला 'गारी', चहाला 'चाय' आणि चपातीला 'चपाती'च म्हणतात. आपल्याकडील माणसे समुद्र ओलांडून तेथे राहिल्याच्या त्या खुणा आहेत. ते राहणे नेहमीच सुखाचे झाले असे नाही. शेजारच्या युगांडातून 1972 साली भारतीय वंशाच्या हजारो कुटुंबांना नव्वद दिवसांत बाहेर पडावे लागले. त्यांतील कितीतरी मुले तेथेच जन्मलेली होती. 'तुमचे गाव कोणते?' हा प्रश्न अशा मुलांना नुसता कुतूहलाचा वाटत नाही, हे आम्ही भिलाईत निर्धास्त राहून विसरलो होतो.

तर या मुलाने मागील वर्षी आईला दूरध्वनी केला आणि हिंदीतच सांगितले, "हिला मराठी शिकव. रोज रात्री अर्धा तास बोल. आणि एक अट आहे. ती चुकली तर हसायचे नाही." आईने अट पाळली आहे. नात 'दुका'तून आणलेल्या वस्तू आजीला मराठीत सांगते, ळ च्या जागी ल म्हणते, आणि आजी फक्त आपल्या बोलण्यात तो शब्द पुन्हा नीट उच्चारते. मुलगा अजूनही आईशी हिंदीतच बोलतो. सर्व गोड झाले, असे आम्ही म्हणणार नाही. परंतु मध्यंतरी नात विचारीत होती, "आजी, बाबांचे गाव कोणते?" आजी सवयीने सातारा जिल्ह्यातील गावाचे नाव घेणार होती. पलीकडून मुलाचाच आवाज आला : "भिलाई." तेवढा एक शब्द. आजीने तो मान्य केला.

मंडळींनो, पन्नास वर्षांनंतर मंडळाने काय करावे, असे कोणी विचारले, तर आमची मागणी लहान आहे. बालवर्गाचे नाव राहू द्या, पण त्यात नाटक, स्वयंपाक आणि खेळ वर्षभर चालू द्या. ज्या मुलांचे आई-वडील निराळ्या भाषांचे आहेत, त्यांना पहिल्या रांगेत बसवा. पोळा आणि तीजा येथल्या शेजाऱ्यांबरोबर साजरे करा. आणि सभागृहाच्या दारावर एक पाटी लावा : येथे चुकीची मराठी बोलण्यास मुभा आहे.

आम्ही मुलांना आमचे गाव देऊ पाहिले. ती या गावात वाढली, याचा आम्हांला आता विषाद नाही. ज्या मुलांना आमच्या हसण्याने दुखविले, त्यांची या व्यासपीठावरून क्षमा मागतो.