भोंगा नसलेली नोकरी
(विहाराच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



समितीने आम्हाला तरुणांच्या नोकरीवर बोलायला सांगितले. आम्ही म्हणजे या वस्तीतून औषध कंपनी, विमा, फायनान्स अशा ठिकाणी विक्रीच्या कामाला लागलेले पाच-सहा जण. माईकसमोर एकच जण उभा असला तरी हे भाषण आम्ही सर्वांनी तीन रात्री बसून तयार केले. कारण यातले काही एकट्याच्या तोंडून निघाले नसते.

आमचे बाप-आजे एम्प्रेस मिलमध्ये, मॉडेल मिलमध्ये होते. पगार कमी, छातीत कापसाचा धुरळा, हे सर्व खरे. पण भोंगा झाला की माणूस सायकल काढून घरी यायचा आणि साचा तिथेच राहायचा. तो साचा कोणाच्या मागे घरी येत नव्हता. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते सांभाळत होते, त्या काळात, १९४६ साली, कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली आणि आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आले. ज्या घरात आम्ही वाढलो त्या घराची संध्याकाळ त्या कायद्याने दिलेली होती, हे आम्हाला फार उशिरा कळले.

१८७७ साली सुरू झालेली एम्प्रेस मिल २००२ मध्ये कायमची बंद झाली. १९९१ नंतर सरकारी भरतीही आटत गेली आणि खाजगी कंपनीत आरक्षण नाही. बी.एस्सी. झालेला, थोडेफार इंग्रजी बोलणारा पोरगा जाणार कुठे? तो एम.आर. झाला. गळ्यात टाय, हातात बॅग, बुडाखाली मोटारसायकल. मोहल्ल्यात पेढे वाटले गेले. आमचेही वाटले गेले.

आता ही नोकरी काय असते ते सांगतो, कारण बॅग सर्वांना दिसते, काम दिसत नाही. सकाळी धंतोली, रामदासपेठ, दुपारी मेडिकल नाही तर मेयो, संध्याकाळी पुन्हा दवाखाने. डॉक्टरांच्या दाराशी सात-आठ जण आधीच उभे असतात. पेशंट संपल्यावर आत बोलावणे येते आणि दोन मिनिटांत तीन औषधांची माहिती सांगायची. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ च्या वर गेला तरी टाय सैल करायचा नाही. महिन्यातून काही दिवस भंडारा, गोंदिया, चंद्रपूरची टूर. तिथे लॉजवाला रजिस्टर पुढे करून पूर्ण नाव विचारतो, आणि आडनाव वाचून कधीकधी खोली अचानक भरलेली निघते. त्याबद्दल आज जास्त बोलत नाही, तुम्हाला ते नवीन नाही. रात्री घरी आलो की दिवसाचा रिपोर्ट. पूर्वी तो पोस्टाने जायचा, आता मोबाईलवर लगेच भरावा लागतो आणि साहेबाचा मेसेज रात्री अकरालाही येतो.

पण कष्टाची आमची तक्रार नाही. कष्ट मिलमध्येही होते. तक्रार आहे ती टारगेटची. औषध कोण लिहितो? डॉक्टर. विकतो कोण? दुकानदार. दुकानदाराला माल देतो स्टॉकिस्ट, म्हणजे गांधीबागेच्या दवाबाजारातला ठोक व्यापारी. या तिघांपैकी एकही आमच्या हुकमात नाही, पण विक्रीचा आकडा मात्र आमच्या नावावर. आणि आमच्या कंपन्यांचा हिशेब असा होता, की स्टॉकिस्टने माल उचलला की विक्री झाली. रोग्याच्या पोटात गोळी गेली की नाही, ते नंतर पाहू.

म्हणून पंचवीस तारीख उलटली की 'क्लोजिंग' सुरू होते. साहेबाचा फोन: इतक्या हजारांचा माल ढकल. स्टॉकिस्ट म्हणतो, मागच्या महिन्याचाच पडून आहे. मग आम्ही त्याच्या पाया पडतो, न खपलेला माल परत घेऊ असा शब्द देतो, आणि तो शब्द पाळायला कंपनी आमच्या मागे उभी राहत नाही. आमच्यापैकी एकाने तर शेवटी स्वतःच पैसे भरून माल घेतला. टॉनिकची खोकी आणि अँटिबायोटिकच्या पट्ट्या घरात दिवाणाखाली. पैसा होता बहिणीच्या लग्नासाठी घातलेल्या भिशीचा. मायने विचारले, "काहून रे, दुकान टाकतं का?" तो म्हणाला, "कंपनीचे सॅम्पल आहेत."

त्या वर्षी त्याचे टारगेट पूर्ण झाले, टाळ्या पडल्या, एक घड्याळ मिळाले. पुढल्या वर्षीचे टारगेट मागच्या विक्रीवर टक्के चढवून ठरते. म्हणजे भिशीच्या पैशाने झालेली खोटी विक्री खरी धरून त्यावर चढ आली. दिवाणाखालचा माल एक्स्पायर झाला आणि आकडा मात्र वाढत राहिला.

टारगेट चुकले की आढावा बैठकीत सर्वांसमोर उभे करतात. आकडे पडद्यावर, माणूस खाली मान घालून. आमच्यापैकी एकाला एका साहेबाने भर बैठकीत ऐकवले, "हे सरकारी ऑफिस नव्हे, इथे कोटा चालत नाही." चाळीस माणसे होती, कोणी काही बोलले नाही. आमचा माणूसही बोलला नाही. घरी येऊन जेवला आणि मीटिंग छान झाली म्हणाला.

सर्व साहेब सारखे नव्हते. तसे म्हणणे अन्यायाचे होईल. या नोकरीने आम्हाला घर दिले, चार माणसांत बोलायची हिंमत दिली. पण साहेबाच्याही डोक्यावर साहेब असतो आणि दाब वरून खाली येतो. अमेरिकेत वेल्स फार्गो नावाची मोठी बँक आहे. तिथे एकेका ग्राहकाला जास्तीत जास्त खाती विकायचा दट्ट्या होता. कर्मचाऱ्यांनी ग्राहकाला न विचारता लाखो खाती उघडली. २०१६ मध्ये ते चव्हाट्यावर आले, बँकेला साडेअठरा कोटी डॉलरचा दंड झाला, आणि सुमारे ५,३०० कर्मचाऱ्यांना आधीच काढून टाकलेले होते. दंड बँकेने भरला, पोट गेले ते कर्मचाऱ्यांचे.

आता जी गोष्ट सांगायला आम्ही तीन रात्री बसलो ती. हा दाब आमच्यापाशी थांबला नाही. आम्ही तो तुमच्या दारात आणला.

विम्याच्या कामाला लागलेल्या आमच्या मित्राला पहिल्याच दिवशी सांगितले गेले, ओळखीच्या शंभर माणसांची यादी कर. त्याच्या ओळखीचे कोण? ही वस्ती, हा विहार. पहिली पॉलिसी मावशीची, दुसरी शेजारच्या काकांची, तिसरी सोबत वंदनेला बसणाऱ्याची. दोन हप्ते भरले गेले, पुढचे जमले नाहीत. तेव्हाच्या साध्या पॉलिसीला तीन वर्षे हप्ते भरल्याशिवाय काही परत मिळत नसे. बाजाराशी जोडलेल्या युलिप पॉलिसीत सप्टेंबर २०१० चे नवे नियम येईपर्यंत पहिल्याच वर्षीच्या हप्त्यातून मोठी रक्कम खर्चापोटी कापली जाई. हे त्याला माहीत होते आणि महिना संपत आला होता. समोर बसलेल्यांपैकी तीन घरे अशी आहेत. नावे घेत नाही. ती घरे आम्हाला रोज जयभीम घालतात, आणि आम्ही खाली पाहून उत्तर देतो. आज सर्वांसमोर आम्ही त्यांची माफी मागतो.

सम्यक आजीविकेवर इथे अनेक प्रवचने झाली. आम्ही मागे बसून ऐकायचो आणि समजायचो की ते दारू, शस्त्र, विष विकणाऱ्यांसाठी आहे. सिगालोवाद सुत्तात मालकाचीही कर्तव्ये सांगितली आहेत: चाकराला त्याच्या शक्तीप्रमाणे काम द्यावे, आजारात त्याला पाहावे, वेळेवर सुट्टी द्यावी. शक्तीप्रमाणे! आमच्या एकाही टारगेटच्या कागदावर हा शब्द नव्हता.

कायदा मात्र होता आणि आम्ही तो वाचला नव्हता. विक्री संवर्धन कर्मचाऱ्यांसाठी १९७६ साली केंद्राने कायदा केला, तो औषध प्रतिनिधींच्या संघटनांच्या लढ्यामुळे. नेमणूकपत्र, रजा, बोनस, ग्रॅच्युइटी हे त्यात होते. १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सॅन्डोज प्रकरणात औषध प्रतिनिधी औद्योगिक विवाद कायद्याच्या व्याख्येतला कामगार नाही असे म्हटले, तेव्हा या १९७६ च्या कायद्याचाच आधार उरला. आता तो नव्या कामगार संहितांत मिळवला आहे. त्या २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या आणि विक्री कर्मचारी त्यातही कामगार धरला आहे. आमच्यापैकी दोघांकडे तर नेमणूकपत्रच नव्हते, आणि ते मागायची लाज वाटली. माल ढकलायचा हुकूम नेहमी फोनवर यायचा, कागदावर कधीच नाही. तो लिहून मागायला हवा होता.

दिवाणाखालच्या खोक्यांची गोष्ट या भाषणासाठी लिहिताना आमच्या मित्राने मागच्या आठवड्यात मायला खरे सांगितले. इतक्या वर्षांनी. ती म्हणाली, "मले तवाच समजलं होतं. सॅम्पलावर कोणी किंमत छापते का? तू सांगशील म्हनून वाट पाह्यली." ती आज इथे समोरच बसली आहे.

भिशीचे पैसे त्याने फेडले आहेत. बंद पडलेल्या पॉलिस्या ज्यांच्या घरी आहेत त्यांनी त्या फाडून टाकू नयेत, जुन्या असल्या तरी. येत्या रविवारी वंदनेनंतर आम्ही मागच्या खोलीत बसणार आहोत. पॉलिसीचा कागद, हप्त्याच्या पावत्या आणा. काय निघते ते पाहू. ज्यांची मुले-मुली सेल्समध्ये किंवा बचत गटाच्या कर्जवसुलीच्या कामाला लागली आहेत, त्यांनी नेमणूकपत्र घेऊन त्यांना पाठवावे, आणि नसेल तर तसेच पाठवावे. महिन्याची शेवटची तारीख जवळ असेल तर रविवारची वाट न पाहता रात्री केव्हाही दार वाजवावे.

जयभीम.