बाळंतपणाचा हिशेब कोण मागणार?

(जिल्हा बैठकीतील भाषणावरून)



कापूस, मका, कांदा आणि विजेचे बिल यांवर सकाळपासून बोलून झाले. आता विषय बाळंतपणाचा आहे म्हटल्यावर मागच्या रांगेतले काही भाऊ चहाला उठू लागले. बसा. बायांचा विषय म्हणून सोडून देण्यासारखा हा विषय नाही. दवाखान्यात भरती करताना सही तुमची लागते, रात्री गाडी तुम्ही शोधता, खर्चाला उसने तुम्ही आणता. आत काय चालले आहे हे विचारायची सोय मात्र ना तुम्हाला, ना त्या आत पडलेल्या बाईला.

वैजापूरच्या बाजारात कांदा नेला तर आपण काट्यावर नजर ठेवतो. हमाली किती, तोलाई किती, पट्टीत कपात कशाची धरली हे विचारतो. आडत्या तोंड वाकडे करतो, तरी विचारतो. आणि घरची लक्ष्मी नऊ महिन्यांची दवाखान्यात नेली की आपण दाराबाहेर हात जोडून उभे. सिस्टर म्हणाल्या ‘वर न्या’, की नेली. कुणी खुशाली मागितली, की दिली. का नेली, कशाचे दिले, हे विचारायची आपली हिंमत होत नाही.

बाळंतपण दवाखान्यातच करा, असे सरकारने सांगितले आणि लोकांनी ते ऐकले. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली शंभरातली जवळपास 95 बाळंतपणे दवाखान्यात झालेली आढळली. त्याचा फायदाही झाला. 2018-20 च्या आकडेवारीत राज्यात एक लाख जिवंत जन्मांमागे 33 मातांचे मृत्यू होते, देशात 97. हे यश मी नाकारत नाही. पण बाई दाराच्या आत आली एवढ्यावर सरकारचे काम संपले का? त्याच पाहणीत राज्यातल्या साधारण चार बाळंतपणांतले एक सिझेरियनने झालेले होते. त्यातली किती गरजेची आणि किती सोयीची, हे त्या बायांना कुणी समजावून सांगितले असेल?

आता सगळ्यात कडू गोष्ट सांगतो. बाळंतपणात बाई दगावली तर तिच्या मृत्यूची चौकशी करायची पद्धत आहे. केंद्राने 2010 मध्ये त्याच्या सूचना काढल्या. माणसे घरी येतात, कळा कधी सुरू झाल्या, गाडी कधी आली, कुठून कुठे पाठवले, सगळे घरच्यांच्या तोंडून लिहून घेतात. जिल्हाधिकाऱ्यांच्या आढावा बैठकीला नातेवाइकांनाही बोलवायचे असते. पद्धत चांगली आहे. पण बघा, आपल्या कुटुंबाची बाजू नीट ऐकून घ्यायची म्हणून खुर्ची मांडली जाते ती बाई मेल्यावर! जी जगली, पण वाईट वागणूक, वणवण आणि कर्ज घेऊन घरी आली, तिच्यासाठी कुठली बैठक?

अशी बैठक होऊ शकते, हे याच राज्यात दिसले आहे. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात 2007 पासून महाराष्ट्रात लोकाधारित देखरेखीचे काम सुरू झाले. अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे आणि ठाणे हे पहिले पाच जिल्हे. पुढच्या टप्प्यात आपला, तेव्हाचा औरंगाबाद जिल्हाही आला. गावकऱ्यांनी बसून आपल्या दवाखान्याचे प्रगतिपुस्तक भरायचे. काम चांगले तर हिरवा रंग, बरे तर पिवळा, वाईट तर लाल. डॉक्टर पोरांना लस टोचतात आणि पोरांचे आईबाप डॉक्टरांना मार्क देतात, असा उलटा कारभार! मग जनसुनवाई. बंद उपकेंद्र, रिकामी पदे, बाहेरून आणायला लावलेली औषधे, उकळलेले पैसे हे सगळे लोकांनी अधिकाऱ्यांसमोर उभे राहून बोलायचे आणि अधिकाऱ्यांनी तिथेच उत्तर द्यायचे. हे काम गावोगाव पोचले नाही, ही खरी अडचण. पण ज्या समित्यांच्या आधारावर ते चालले त्या आपल्या गावच्या कागदावर आहेत. गावात ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती, प्राथमिक आरोग्य केंद्रात रुग्ण कल्याण समिती. सभासद कोण, बैठक कधी झाली, पैसा कशावर गेला? इथे बसलेल्यांपैकी किती जणांना सांगता येईल, हात वर करा. बघा!

त्या समितीत जाऊन काय विचारायचे, तेही सांगतो. जननी शिशू सुरक्षा कार्यक्रम 2011 चा आहे. सरकारी दवाखान्यात बाळंतपण फुकट, सिझेरियनही फुकट. औषधे, तपासण्या, रक्त फुकट. साध्या बाळंतपणाला तीन दिवस आणि सिझेरियनला सात दिवस जेवण. घरून न्यायला, वरच्या दवाखान्यात हलवायला आणि परत घरी सोडायला गाडी. घरी सोडणारी गाडी किती जणींना मिळाली? बाळंतिणीला टांगत्या जीपमधून आणणारे कितीतरी आहेत. दुसरे, कळा सुरू असताना बाईजवळ तिच्या विश्वासाची एक बाई थांबू द्यावी, असे केंद्राने 2016 पासून सांगितले आहे. स्वतः बाळंतपण झालेली असेल तर उत्तम, आडपडद्याची सोय असेल तिथे नवराही चालतो. हे आपल्या आरोग्य केंद्रात पाळतात का? खाजगी दवाखाना असेल तर 2021 च्या नियमांप्रमाणे रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक भिंतीवर लावलेले हवे. भरती करताना आधी भिंत बघा, मग सही करा.

एक मात्र समजून घ्या. सिस्टर आपली वैरीण नाही. रात्रपाळीला ती एकटी, एक बाई टेबलावर, दुसरी दारात, डॉक्टर मुक्कामाला नाही. मग ती ‘वर न्या’ म्हणते आणि सगळा मराठवाडा घाटी दवाखान्यात येऊन पडतो. तिथल्या खाटा तरी किती पुरणार? म्हणून भांडण सिस्टरशी करू नका. रिकामे पद का भरले नाही, हे जिल्हा परिषदेला विचारा आणि लेखी विचारा.

आपल्याकडे आणखी दोन गुंते आहेत. पहिले बाळंतपण माहेरी, म्हणजे नोंद सासरच्या उपकेंद्रात आणि कळा माहेरच्या. दोन्हीकडच्या आशाताई एकमेकींना ओळखत नाहीत. नोंदीचे कार्ड बाईच्या स्वतःच्या पिशवीत पाहिजे, सासूच्या पेटीत नको. दुसरा गुंता ऊसतोडीचा. दिवाळी आली की कन्नड-पैठणकडची जोडपी कोयता घेऊन कारखान्यावर जातात, त्यात पोटुशा बाया असतात. फडात ना आशा, ना उपकेंद्र. मुकादम उचल देताना कोयते मोजतो, पोटातले बाळ मोजत नाही.

म्हणून महिला सभा टोळ्या निघण्याआधी घ्या. ग्रामसभेआधी महिला सभा घ्यायची असते हे सरपंचांना माहीत आहे, नसेल तर सांगा. गेल्या वर्षभरात बाळंत झालेल्या बायांना आणि त्यांच्या नवऱ्यांना मुद्दाम बोलवा. त्यांनाच बोलू द्या, सासऱ्यांनी मधे बोलू नये. बाया सांगतील ते ग्रामसेवकाने ठरावात लिहायचे आणि त्याची प्रत तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे पोच घेऊन द्यायची. ज्या गर्भवती तोडीला जाणार आहेत त्यांची यादी त्याच दिवशी करा. कोणत्या कारखान्यावर जाणार आणि कितवा महिना, एवढे लिहिले तरी आशाताईंना तिकडच्या दवाखान्याला कळवता येईल. पुढच्या जिल्हा बैठकीला प्रत्येक तालुक्याने आपल्या ठरावाची आणि पोचेची प्रत घेऊन यावे.