समुद्रकिनाऱ्यावरचा परदेशी रोजगार



परदेशी किनाऱ्यावरच्या नोकरीचा विचार करताना थायलंडमधील फुकेटचे नाव हमखास निघते; मात्र तेथे पर्यटकाच्या नजरेस प्रथम पडणारी कामे, म्हणजे गाइड, टॅक्सीचालक, केशकर्तनकार, थाई मसाज करणारे, वाळूवर फिरून वस्तू विकणारे यांची कामे, कायद्याने थाई नागरिकांसाठी राखीव आहेत. १९७९ च्या यादीत असे ३९ व्यवसाय होते. स्थानिकांची रोजीरोटी राखणारी ही तरतूद जाचक म्हणता येणार नाही. मालवणच्या होडीवाल्यालाही आपल्याकडे ती असावी असेच वाटेल.

उरलेल्या कामांसाठी वर्क परमिट, म्हणजे व्हिसाहून वेगळा आणि मालकाची व कामाच्या स्वरूपाची नोंद असलेला परवाना लागतो. सर्वसाधारण कंपनीला एका परदेशी कर्मचाऱ्यामागे चार थाई कर्मचारी आणि २० लाख बात भांडवल दाखवावे लागत असल्याने, छोट्या उपाहारगृहाचा मालक कितीही भला असला तरी त्याचा शब्द येथे अपुरा पडतो. परमिटविना काम करणाऱ्यास ५,००० ते ५०,००० बात दंड होतो, मायदेशी रवानगी होते आणि दोन वर्षे नवे परमिट मिळत नाही; 'आधी या, कागद नंतर करू' असे सांगणारा दलाल तोवर कमिशन घेऊन मोकळा झालेला असतो.

कोकणातील विद्यार्थ्यांच्या दृष्टीने स्कूबा डायव्हिंगचे क्षेत्र अधिक विचारात घेण्याजोगे आहे, कारण त्याचे प्रशिक्षण तारकर्लीला एमटीडीसीच्या संस्थेत मिळते. 'पॅडी' या आंतरराष्ट्रीय पद्धतीत डाइव्हमास्टर ही व्यावसायिक पात्रतेची पहिली पायरी असून तिच्यासाठी ६०, तर शिकवण्याचा अधिकार देणाऱ्या इन्स्ट्रक्टरच्या परीक्षेसाठी १०० नोंदवलेल्या बुड्या लागतात. फुकेटचा किनारा अंदमान समुद्राकडे, पश्चिमेला तोंड करून असल्याने कोकणाप्रमाणेच नैर्ऋत्य मोसमी वारे त्यालाही झोडपतात, आणि जवळची सिमिलन बेटे मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंद राहतात. उलट थायलंडच्या आखातातील को ताओ बेटावर जोराचा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये पडतो, म्हणून काही प्रशिक्षक मधले महिने तिकडे काढतात. अशा नोकरीत पगाराचा हिशेब बारा महिन्यांचा नव्हे, तर समुद्र खुला असेल तेवढ्याच महिन्यांचा धरावा लागतो, आणि किनाऱ्याबरोबर मालक बदलला की परमिटवरची नोंदही मुदतीत बदलून घ्यावी लागते.