दुकानातून तालमीकडे



आज एका कामधंद्याविषयी बोलू. आपल्या धाराशिव जिल्ह्यात पाऊस कमी. नुसत्या शेतीवर सगळ्यांचे भागत नाही. म्हणून गावची पोरे तालुक्याला जातात. कापडाच्या, नाहीतर किराणाच्या दुकानात कामाला लागतात. सकाळी दुकान उघडायचे, दिवसभर उभे राहायचे, रात्री शटर ओढायचे. पगार थोडा, पण दर महिन्याला येतो. त्यावर घरात तेल-मीठ येते.

आता त्यातली काही पोरे म्हणतात, "दुकान सोडतो. लोकांना व्यायाम शिकवतो. त्यावरच पोट भरतो." पूर्वी तालीम म्हणत, आता जिम म्हणतात. घरची वडील माणसे कपाळाला हात लावतात. म्हणतात, "जोर-बैठका काढून कुठं चूल पेटती का? हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये."

कोणाचे खरे? दोघांचेही थोडे थोडे खरे आहे. कसे ते बघू.

आधी पोरांची बाजू. व्यायाम हा रिकामटेकड्यांचा उद्योग नव्हे. अमरावतीला वैद्य बंधूंनी १९१४ साली हनुमान आखाडा काढला. तिथले खेळाडू १९३६ साली जर्मनीत बर्लिनला गेले आणि आपले देशी खेळ जगाला दाखवून आले. आखाड्याची पुढे मोठी संस्था झाली. तिथून व्यायाम शिकवणारे शिक्षक तयार झाले.

इतक्या लांब कशाला? आपल्याच जिल्ह्यातल्या सारिका काळे बघा. घरची गरिबी. आई शिवणकाम करायची. सारिका खो-खो खेळत. घरच्या ओढाताणीमुळे एकदा त्यांनी खेळ सोडायचे ठरवले होते. प्रशिक्षक चंद्रजित जाधव यांनी समजूत घातली, तेव्हा त्या मैदानावर परत आल्या. २०१६ साली गुवाहाटीला दक्षिण आशियाई स्पर्धा झाली. तिथे सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय महिला संघाच्या त्या कर्णधार होत्या. २०२० साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. त्या वेळी त्या तुळजापूरला क्रीडा अधिकारी म्हणून काम करीत होत्या. म्हणजे मैदानातून मान मिळतो, आणि भाकरीही मिळते.

शिकवणाऱ्याची गरजही वाढली आहे. पहाटे आपल्या रस्त्याने पोरे-पोरी पळताना दिसतात. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते, गोळा फेकावा लागतो. नीट शिकवणारा नसला, तर डांबरीवर पळून पळून गुडघे धरतात. साखरेच्या आजाराच्या माणसाला डॉक्टर व्यायाम सांगतात. पण कसा करायचा, हे दाखवणारा जवळ नसतो. बायका तर पुरुषाकडून शिकायला लाजतात. दुकानात काम करणाऱ्या एखाद्या लेकीने हे शिकून घेतले, तर गावच्या बायांची सोय होईल.

आता वडील माणसांची बाजू. या धंद्यात पगाराची हमी नाही. करोनाच्या साथीत, मार्च २०२० मध्ये, राज्यातल्या व्यायामशाळा बंद झाल्या. त्या दसऱ्याला, २५ ऑक्टोबर २०२० ला उघडल्या. सात महिने कुलूप! किराणा दुकान मात्र त्या काळातही चालू होते. कारण लोक व्यायामावाचून राहतात, पिठावाचून राहत नाहीत. आईबापांची भीती खोटी नाही.

मग करायचे काय? माझे सांगणे एकच. आधी शिका, मग सोडा.

स्वतःचे दंड फुगले म्हणजे दुसऱ्याला शिकवता येते, असे नाही. पोहणारा प्रत्येक माणूस पोहायला शिकवू शकतो का? कोणता सांधा कसा वळतो, श्वास केव्हा घ्यायचा, हे कळले पाहिजे. हृदयविकाराच्या माणसाला डॉक्टरला विचारल्याशिवाय वजन उचलायला लावले, तर जिवावर बेतेल. लवकर अंग भरावे म्हणून काही जण इंजेक्शने घेतात. त्याने काळीज आणि मूत्रपिंड बिघडते. असली इंजेक्शने देणारा उस्ताद नव्हे, वैरी समजा.

शिक्षणाच्या वाटा आहेत. पदवी झाली असेल, तर दोन वर्षांचा बी.पी.एड. हा शारीरिक शिक्षणाचा अभ्यासक्रम करता येतो. खेळाचे प्रशिक्षक तयार करणारी सरकारी संस्था पंजाबात पतियाळा येथे १९६१ पासून आहे. कुठलाही वर्ग लावताना आधी विचारा : प्रमाणपत्र कोण देते? ते कुठे चालते? फी भरली की पावती घ्या. आता तुम्हाला वाचता येते. कागद पुरता वाचल्याशिवाय सही करू नका.

दुकान एकदम सोडू नका. पहाटे आणि संध्याकाळी लोक व्यायाम करतात. दुकान उघडण्याआधी तास-दोन तास एखाद्या जाणत्या उस्तादाच्या हाताखाली काम करा. सहा महिन्यांचा घरखर्च गाठीला बांधा. शिकणारी माणसे वाढली, पैसा नेमाने येऊ लागला, की मालकाला आधी सांगून, हिशेब चुकता करून दुकान सोडा. भांडून सोडू नका. पुढे गरज पडली, तर ते दार उघडे असावे.

आणि दुकानातली वर्षे वाया गेली, असे मानू नका. गिऱ्हाईक चिडले तरी गोड बोलायचे, वेळेवर यायचे, पैशाचा हिशेब ठेवायचा, हे दुकानानेच शिकवले ना? व्यायाम शिकवणाऱ्याला हेच लागते. सकाळी पाचला येतो म्हणून सातला येणाऱ्याकडे कोण शिकेल?

आईबापांनो, पोराने असा विचार मांडला तर लगेच रागावू नका. त्याला जवळ बसवा आणि विचारा, "कुणाकडं शिकणार? किती महिने लागतील? तोवर घर कसं चालणार?" या तीन प्रश्नांची उत्तरे त्याला कागदावर लिहायला सांगा. उत्तरे नीट असली, तर त्याला पाठबळ द्या. नसली, तर त्याला आणखी चार महिने दुकानात राहू द्या आणि उत्तरे शोधू द्या.