हरिश्चंद्राची गोष्ट मुलांना शिकवताना



आम्ही प्राथमिक शाळेतल्या शिक्षिका. नाट्यशास्त्रावर बोलण्याचा आमचा अधिकार नाही. मुलांचे नाटक बसवताना जे कळले, तेवढे सांगतो.

यंदा आम्ही ‘राजा हरिश्चंद्र’ बसवले. मुले घरी क्रिओल बोलतात, म्हणून संवाद छोटे ठेवले. रोहिदासाला साप चावतो तो प्रसंग मुलांना फार आवडला आणि त्यांनी हट्टाने तो आरंभीच घेतला. तालमीत रोहिदास मेला, पण कोणालाच रडू आले नाही! तो कोणाचा कोण, हेच अजून ठाऊक नव्हते.

मग आम्ही फळ्यावर क्रम मांडला. आधी वचन, संस्कृत नाट्यशास्त्रात याला बीज म्हणतात. वचनापायी राज्य जाते. वर दक्षिणा उरते, म्हणून काशीच्या बाजारात तारामती आणि रोहिदास विकले जातात. तरी पुरत नाही, म्हणून राजा स्वतःला डोंबाला विकतो. एकातून दुसरे निघते, आणि दर वेळी अधिक जवळचे काही जाते. शेवटी तारामती मुलाचे प्रेत घेऊन मसणवट्यात येते. तिथे कर मागायला उभा असतो तो त्याचाच बाप. अंधारात ती दोघे एकमेकांना ओळखत नाहीत, आपण ओळखतो. सारी गोष्ट त्या भेटीसाठी रचलेली आहे. (देव येऊन सर्व परत देतात, तो भाग आम्ही दोन मिनिटांत उरकला.)

तालीम संपल्यावर एका मुलाने विचारले, “मिस, राजाचा करार पण 5 वर्षांचा होता?”

आधल्याच आठवड्यात आम्ही मुलांना पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटावर नेले होते, तिथल्या 16 पायऱ्या मोजायला लावल्या होत्या. मोका येथील महात्मा गांधी संस्थेतल्या नोंदींत आपल्या माणसाचा क्रमांक मिळतो, जहाज मिळते. म्हणजे पहिला प्रवेश हाती आहे. शेवटच्या प्रवेशात आपण सगळे इथे बसलो आहोत. मधले प्रवेश कोरे. गाव का सोडले, करार संपल्यावर परत का गेले नाहीत, ही कारणे तिथे लिहिलेली नाहीत.

म्हणून मुलांना वह्या दिल्या आहेत. आजीला ‘मग काय झाले?’ एवढेच विचारायचे नाही, ‘ते का झाले?’ हेही विचारायचे. आतापर्यंत 7 वह्या भरून आल्या. काही मुलांच्या घरी आता आजी नाही. ती मुले वही घेऊन तुमच्या दारी आली, तर त्यांना बसवून घ्या.