लाल नावे निळी करताना



विकिपीडियावर लेख नसलेल्या नावाचा दुवा लाल दिसतो. लेख झाला की निळा. स्त्रियांच्या अशा लाल नावांसाठी ‘विमेन इन रेड’ हा स्वयंसेवकांचा प्रकल्प २०१५ साली सुरू झाला. तेव्हा इंग्रजी विकिपीडियावरच्या चरित्रांपैकी सुमारे १५ टक्के स्त्रियांची होती, आता सुमारे २० टक्के आहेत. सुट्टीच्या दिवशी मीही या कामाला हातभार लावते.

डॉना स्ट्रिकलंड यांना २ ऑक्टोबर २०१८ रोजी भौतिकशास्त्राचे नोबेल जाहीर झाले, तेव्हा त्यांच्यावर लेखच नव्हता. आलेला मसुदा त्याच वर्षी मे महिन्यात संदर्भ अपुरे म्हणून नाकारला गेला होता. पारितोषिकातले त्यांचे सहकारी जेरार मुरू यांच्यावर मात्र लेख आधीपासून होता.

नियम योग्यच आहे. पुरावा नसेल तर कोणीही काहीही लिहील. पण जिच्याबद्दल कधी काही छापूनच आले नाही, तिचा पुरावा आणायचा कुठून? आणि जे छापले गेले, तेही रद्दीत जाते.

म्हणून एक मागणे आहे. घरातले जुने दिवाळी अंक, कात्रणे, संस्थांचे अहवाल टाकण्यापूर्वी चाळा. एखाद्या डॉक्टरबाईंवर, लेखिकेवर, कीर्तनकार बाईंवर मजकूर दिसला, तर अंकाचे नाव, तारीख आणि पान टिपून ठेवा. मग लेख तुम्हीच लिहा. संपादन शिकवायला मी आहे. शुद्धलेखन तर बाईंनी आणि सरांनी केव्हाच पक्के करून घेतले आहे!