पावसाची इंग्रजी नावे



मी शाळेत इंग्रजी शिकवितो. पुष्कळ वर्षे 'रेन', 'शॉवर' आणि 'ड्रिझल' या तिन्ही शब्दांपुढे मी फळ्यावर एकच अर्थ लिहीत आलो : पाऊस. ही चूक किती महाग पडते, ते मला एका जून महिन्यात कळले. पैनगंगेच्या अलीकडे, आमच्या आदिलाबाद जिल्ह्यात, माझ्या एका विद्यार्थ्याने मोबाइलवर आलेला इंग्रजी हवामान-अंदाज वडिलांना वाचून दाखविला. त्यात 'शॉवर्स' असा शब्द होता. त्याने मी शिकविल्याप्रमाणे 'पाऊस आहे' असे सांगितले. वडिलांनी काळ्या रानात सरकी टोबली. एक सर आली, माती वरवर भिजली. पुढे उन्हाचा ताव धरला आणि उगवलेले कोंब करपून गेले. दुबार पेरणीसाठी बियाणे उधारीवर आणावे लागले.

तेव्हापासून मी हे शब्द निरनिराळे करून शिकवितो. 'ड्रिझल' म्हणजे भुरभूर. तिचे थेंब अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक असतात. 'शॉवर' म्हणजे सर. उंच चढलेल्या ढगातून ती अकस्मात येते व अकस्मात थांबते. बांधाच्या अलीकडे चिखल, तर पलीकडे फुफाटा. 'रेन' हा तसा सर्वसाधारण शब्द. परंतु काटेकोर अर्थाने, आभाळभर पसरलेल्या ढगांतून सावकाश व बराच वेळ पडतो तो पाऊस. तोच दिवसच्या दिवस लागून राहिला, की आपण त्याला झड म्हणतो.

चौथा शब्द 'रेनफॉल'. तो पावसाचा प्रकार नव्हे, मोजमाप आहे : पर्जन्यमान. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे प्रत्येक चौरस मीटर जमिनीवर एक लिटर पाणी. दिवसाला २.५ मिलिमीटर पडले, की भारतीय हवामान खाते तो पावसाचा दिवस मानते. पेरणीला मात्र तेवढे पुरत नाही. शेजारच्या महाराष्ट्रात कृषी विभाग ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असे सांगत असतो.

भुरभूर, सर, झड हे शब्द त्या शेतकऱ्याला ठाऊक होतेच. ते माझ्या फळ्यावर नव्हते. म्हणून ऐकणाऱ्या मुलामुलींना माझे एवढेच सांगणे आहे : घरी अंदाज वाचून दाखवाल, तेव्हा 'पाऊस येणार' एवढ्यावर थांबू नका. सर की झड, आणि किती मिलिमीटर, तेही सांगा. वडील तिफण त्यावरूनच बाहेर काढणार आहेत.